बांगाई कार्डिनल: पुण्यात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्याला नऊ वर्षं झाली. घरी येणारे पाहुणे, सोसायटीतली मुलं, समुद्री टँक लावायच्या विचारात असलेली मंडळी, सगळे त्यातल्या काळ्या-पांढऱ्या माशापाशी थांबतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरात निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे लिहिलं आहे. पाळण्याबद्दलचे प्रश्न मुद्दाम नंतर घेतले आहेत. आधी हा मासा आणि त्याचा समुद्र समजून घ्यावा आणि मगच विकत घ्यायचं की नाही ते ठरवावं, अशी माझी विनंती आहे.

दुकानात 'बँगाई' म्हणून मिळतो तो हाच का?

हाच. पूर्ण नाव बांगाई कार्डिनल, शास्त्रीय नाव टेरापोगॉन काउडर्नाय. फार तर आठ सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्या मधल्या बोटाएवढा. चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, त्यातला एक थेट डोळ्यातून गेलेला. पंख आणि शेपटी अंगाच्या मानाने लांबच लांब, आणि त्यावर रांगोळीचे ठिपके काढावेत तसे पांढरे ठिपके. पोहतो कमी, तरंगतो जास्त. एकाच जागी, किंचित झुलत, तासन्‌तास. पहिल्यांदा बघणाऱ्याला मासा आजारी आहे असं वाटतं, पण त्याची रीतच तशी आहे.

हा राहतो कुठे?

इंडोनेशियात सुलावेसी नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पूर्वेला बांगाई बेटांचा समूह आहे आणि हा मासा मूळचा फक्त तिथला. त्याचा सगळा मुलूख, मधलं पाणी धरून, साधारण 5,500 चौरस किलोमीटरचा. आपला पुणे जिल्हा 15,600 चौरस किलोमीटरहून मोठा आहे. म्हणजे जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश भागात या जातीचं जग संपतं. त्यातही तो खोल पाण्यात जात नाही. किनाऱ्यालगतची उथळ पट्टी, सागरी गवताची कुरणं, प्रवाळाच्या कडेची शांत जागा, एवढंच त्याचं घर. सर्वांत जास्त मासे दीड ते अडीच मीटर खोलीवर दिसतात. म्हणजे विहिरीच्या पहिल्या काही पायऱ्यांएवढं पाणी.

यातच त्याची अडचण आहे. इतक्या उथळ पाण्यात मासा पकडायला पाणबुड्याची सामग्री लागत नाही. होडी, जाळी आणि दम धरून मारलेली एक बुडी पुरते.

हे 'काउडर्नाय' नाव कुठून आलं? कधी सापडला हा मासा?

दोनदा सापडला. वॉल्टर काउडर्न नावाचे स्वीडिश संशोधक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुलावेसीत काम करत होते. त्यांनी 1920 मध्ये या माशाचे नमुने गोळा केले. पुढे 1933 मध्ये डच अभ्यासक कौमन्स यांनी या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि गोळा करणाऱ्याचं नाव तिला दिलं. त्यानंतर साठ वर्षं कुणी या माशाकडे फिरकलं नाही. 1994 मध्ये माशांचे अभ्यासक जेराल्ड ॲलन यांना तो बांगाई बेटांजवळ पुन्हा भेटला. फोटो छापून आले आणि 1995 पासून तो जगभरच्या टँकच्या बाजारात यायला लागला.

ही तारखांची ओळ मला अस्वस्थ करते. साठ वर्षं विस्मृतीत सुखाने राहिलेला मासा ओळख पटल्याच्या पुढच्याच वर्षी पिशवीत भरला गेला.

तो काट्यांमध्ये राहतो म्हणतात. टोचत नाही का?

तो ज्या जिवाच्या काट्यांत राहतो त्याला अर्चिन म्हणतात. आपल्या साळिंदराची आठवण यावी असा काळा, गोल, लांब काट्यांचा समुद्री प्राणी. बांगाईला सर्वांत जवळची जात डायडेमा सेटोसम. तिचे काटे वीतभर किंवा त्याहूनही लांब, सुईसारखे बारीक आणि ठिसूळ. माणसाच्या पायात गेले की आत तुटतात आणि फार ठणकतात. वरून पाहिलं तर मधोमध केशरी कडं दिसतं आणि भोवती पाच पांढरे ठिपके. सुंदर प्राणी आहे, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही.

आता या काट्यांच्या जुडग्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा उभा असल्याची कल्पना करा. पट्टे आणि काटे एकमेकांत मिसळून जातात. मोठा मासा जवळ आला की बांगाई काट्यांत शिरतात आणि त्यांचे लांब पंखसुद्धा कुठे अडकत नाहीत. जागेचा नेमका अंदाज त्यांना असतो. मी माझ्या टँकमध्ये हे शेकडो वेळा पाहिलं आहे आणि तरी दर वेळी थांबून बघते.

अर्चिनखेरीज समुद्रफुलांच्या (म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) दंशकारी हातांमध्ये, फांद्यांच्या प्रवाळात आणि सागरी गवतातही ते राहतात. अगदी लहान पिल्लांना समुद्रफूल आणि अर्चिन जास्त लागतं, मोठी झाल्यावर ती प्रवाळाकडेही जातात. म्हणून या माशाचं घर मोजायचं असेल तर नुसतं पाणी मोजून चालत नाही, त्यातले अर्चिन आणि समुद्रफुलंही मोजावी लागतात.

नर तोंडात अंडी ठेवतो हे खरं आहे?

खरं आहे, आणि या माशाची सगळी गोष्ट या एका सवयीत आहे. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

जोडी जमली की मादी पुढाकार घेते. नराच्या अंगाला अंग लावून थरथरते, जोडीच्या हद्दीत येणाऱ्याला हाकलते. मग ती अंड्यांचा एक घोस बाहेर सोडते आणि नर क्षणात तो तोंडात घेतो. अंडी मोठी, अडीच-तीन मिलिमीटर व्यासाची, आणि संख्येने थोडी. साधारण चाळीस धरा, कधी जास्त. त्या क्षणापासून नराचं जेवण बंद. जवळजवळ तीन आठवडे अंडी तोंडात फिरवत, त्यांना ताजं पाणी देत तो उभा असतो. अंडी फुटली तरी पिल्लांना लगेच सोडत नाही, आणखी आठ-दहा दिवस आतच ठेवतो. एकूण महिनाभर तो उपाशी असतो. त्याचा जबडा खाली फुगलेला दिसतो, आणि दिवा बरोबर कोनातून पडला तर पातळ कातडीमागे पिल्लांचे डोळे चमकताना दिसतात.

बाहेर येतं ते साधारण आठ मिलिमीटरचं, पट्टे असलेलं, तयार छोटं बांगाई. हेच फार वेगळं आहे. प्रवाळात राहणाऱ्या बहुतेक माशांची पिल्लं सुरुवातीला काचेसारखी पारदर्शक असतात आणि प्रवाहाबरोबर दिवसचे दिवस, काही जातींत आठवडे, दूर वाहत जातात. बहुतेक मरतात, पण काही कुठल्या तरी दुसऱ्या बेटाला लागतात. एका बेटावरचे मासे संपले तरी दुसरीकडून असे पाहुणे येत राहतात. बांगाईमध्ये हा वाहून जाण्याचा टप्पाच नाही. पिल्लू वडिलांच्या तोंडातून निघतं आणि पुढच्या अर्चिनमध्ये शिरतं. त्याचं आयुष्य तिथेच जातं.

परिणाम काय झाला? अवघ्या काही किलोमीटरवर राहणाऱ्या दोन गटांच्या जनुकांत स्पष्ट फरक सापडले आहेत. मधलं खोल पाणी त्यांना ओलांडता येत नाही. म्हणून एका खाडीतले सगळे मासे उचलले तर ती खाडी आपोआप पुन्हा भरत नाही. बापाने इतकं जपून वाढवलेली जात, आणि नेमकं त्या जपण्यामुळेच तिला दुसरीकडे पांगता येत नाही.

पण लाखोंनी आहेत ना? मग धोक्यात कसे?

या शतकाच्या पहिल्या दशकातल्या पाहण्यांवरून एकूण संख्येचा अंदाज साधारण 24 लाख होता. ऐकायला मोठा आकडा. त्याच काळात वर्षाला सात ते नऊ लाख मासे पकडले जात होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळं काही सांगावं लागत नाही.

आणि पकडलेले सगळे विकले जातात असंही नाही. होडीतल्या बादलीत, किनाऱ्यावरच्या जाळीच्या पिंजऱ्यात, प्रवासात, विमानतळावर, प्रत्येक टप्प्यावर मासे मरतात. जेवढे दुकानाच्या काचेमागे दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त समुद्रातून निघालेले असतात. काही बेटांजवळच्या छोट्या वस्त्या काही वर्षांत जवळजवळ रिकाम्या झाल्याच्या नोंदी आहेत.

पकडणाऱ्या कोळ्यांवर मी राग धरू शकत नाही. त्यांना एका माशामागे मिळणारी रक्कम फार थोडी, आणि आपल्यासारखे घेणारे नसतील तर ते हा मासा पकडणारच नाहीत. खायला तो कुणाच्याच उपयोगाचा नाही.

मग पकडणं थांबवलं की झालं?

झालं असतं तर किती बरं! गेल्या काही वर्षांत अभ्यासकांना घराची काळजी जास्त वाटते आहे. बांगाईच्या मुलखात अर्चिन आणि समुद्रफुलं माणसं गोळा करतात, काही खायला, काही दुसऱ्या प्राण्यांना खाऊ घालायला. सुरुंगाने मासेमारी केल्याने प्रवाळ फुटतं. सायनाइड वापरल्याने आसपासचं सगळं गुंगतं आणि बरंच मरतं. किनाऱ्यावरची माती पावसात वाहून उथळ पाणी गढूळ करते. त्यात समुद्र तापतो आहे. 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2023-24 मध्ये जगभर प्रवाळ पांढरं पडलं.

अर्चिनवर साथ आली तर काय होतं हे जगाने पाहिलं आहे. कॅरिबियन समुद्रात 1983-84 मध्ये डायडेमाची तिथली जात रोगाने नव्वद टक्क्यांहून जास्त मेली. शेवाळ खाणारं कुणी उरलं नाही आणि प्रवाळावर शेवाळ चढलं. अगदी अलीकडे, 2022 पासून, भूमध्य समुद्रात आणि मग तांबड्या समुद्रात डायडेमा सेटोसमचीच प्रचंड प्रमाणात मर झाली. बांगाईला आसरा देणारी जात तीच. ही बातमी वाचली त्या रात्री मला नीट झोप लागली नव्हती.

कायद्याने संरक्षण आहे का?

थोडं आहे, विस्कळीत आहे. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2007 मध्ये या जातीला संकटग्रस्त म्हणून लाल यादीत घातलं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटीस करारात तिला आणण्याचा प्रस्ताव 2007 मध्ये अमेरिकेने आणि 2016 मध्ये युरोपीय संघाने मांडला. दोन्ही वेळा तो मागे घेतला गेला. अमेरिकेने 2016 मध्ये आपल्या कायद्याखाली तिची नोंद केली. इंडोनेशियाने 2018 मध्ये मर्यादित संरक्षण दिलं: फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत तिच्या मूळ भागात पकडायला बंदी. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्याच धर्तीवर. मला हा निर्णय सर्वांत समंजस वाटतो, कारण त्यात तिथल्या लोकांचं पोटही धरलेलं आहे.

दुसऱ्या समुद्रात सोडून वाचवता येणार नाही का?

काही ठिकाणी तो असा पोचलेला आहे, पण कुणी वाचवायला नेला नव्हता. उत्तर सुलावेसीतल्या लेंबेह सामुद्रधुनीत, मूळ जागेपासून सुमारे 400 किलोमीटरवर, 2000 च्या आसपास व्यापाऱ्यांकडून मासे सुटले आणि तिथे चांगले वाढले. आज लेंबेहला जाणारे पाणबुडे त्याचे फोटो आणतात. पण तिथल्या समुद्रफुलांमध्ये आधीपासून क्लाउनफिश राहतात आणि त्यांच्या घरात हे नवे भाडेकरू घुसले आहेत.

आपल्याला हे नव्याने सांगायला नको. उजनीत चिलापीने काय केलं ते भिगवणच्या कोणत्याही कोळ्याला विचारा. घरच्या टँकमधून नदीत सोडलेले सकर मासे आता जाळ्यात येतात आणि जाळी फाडतात. एका जागेचा मासा दुसऱ्या जागी नेल्यावर कुणाच्या तरी घरावर पाय पडतोच. आणि मूळ खाडीतली, त्या त्या बेटाची वेगळी ओळख असलेली वस्ती गेली ती गेलीच.

तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना हा दिसेल का?

नाही. पण दिवाळीत किंवा मे महिन्यात निम्मं पुणं मालवणला जातं, तेव्हा हे जरूर लक्षात ठेवा की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आपलं स्वतःचं प्रवाळ आहे. मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथेही प्रवाळ आहे. बांगाईचे कार्डिनल कुळातले दूरचे भाऊबंद आपल्या किनाऱ्यावरही राहतात. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर उभे राहू नका आणि काही उचलून आणू नका. गाईड कधी कधी हौसेने हातात आणून देतात. तेव्हा नको म्हणा.

मग पुण्यात हा मासा पाळावा की नाही?

माझं मत सरळ आहे. समुद्रातून पकडलेला घेऊ नये. टँकमध्ये जन्मलेला मिळत असेल आणि तुमच्याकडे किमान वर्षभर चाललेला समुद्री टँक असेल, तर जरूर पाळावा.

हे मत मी चूक करूनच कमावलं आहे. सुरुवातीला मी शहरातल्या एका दुकानातून सहा बांगाई आणले होते. कुठून आले हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पंधरा दिवसांत सहाही गेले. एकेक करून, खाणं सोडून, जोरजोरात श्वास घेत, मागे पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा. नंतर वाचल्यावर कळलं की ही लक्षणं या जातीत पसरलेल्या एका विषाणूची असू शकतात. व्यापारातल्या बांगाईंमध्ये हा विषाणू असल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. त्यावर औषध नाही. वेगवेगळ्या देशांचे मासे एका पाण्यात दाटीवाटीने ठेवले की तो पसरतो. ते सहा मासे मी विकत घेतले नसते तर त्यांच्या जागी दुसरे सहा पकडले गेले नसते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

टँकमध्ये या जातीची पैदास करणं अवघड नाही. थायलंडमधून 2013 मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे एक लाख वीस हजार पैदास केलेले बांगाई गेले. म्हणजे इच्छा असेल तर समुद्राला हात न लावता बाजार चालू शकतो.

टँकमध्ये जन्मलेला मासा ओळखायचा कसा?

नुसतं बघून खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून विचारावं लागतं. कुणी वाढवला, कुठून आला, किती दिवसांपासून दुकानात आहे. समाधानकारक उत्तर आलं नाही तर परत या. अंदाजासाठी: सगळे एकाच मापाचे, लहान (तीन-चार सेंटीमीटर), धीट, काचेजवळ गेल्यावर खायला पुढे येणारे असतील तर ते पैदास केलेले असण्याची शक्यता जास्त. मोठे, वेगवेगळ्या मापांचे, पोट आत गेलेले, कोपऱ्यात दाटलेले असतील तर सावध व्हा. आणि समोर खाऊन दाखवल्याशिवाय मासा पिशवीत घालू देऊ नका. सर्वांत चांगलं म्हणजे शहरातल्याच कुणा हौशी माणसाने वाढवलेली पिल्लं घेणं. प्रवासही होत नाही आणि आईबापही बघायला मिळतात.

पुण्याच्या हवेत आणि पाण्यात जगेल का?

जगतो. काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

नळाचं पाणी थेट चालत नाही. आरओचं, शक्यतो त्यापुढे आणखी एक गाळणी लावलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात टँकसाठीचं समुद्री मीठ मिसळायचं. स्वयंपाकाचं मीठ किंवा जाडं मीठ अजिबात नाही. घनता 1.023 ते 1.025, रिफ्रॅक्टोमीटरने मोजून. आपल्याकडे गुरुवारी कधी कधी पाणी बंद असतं, म्हणून मी बुधवारीच आरओचे दोन ड्रम भरून ठेवते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पुण्याचा पारा दहाच्या आसपास जातो, तेव्हा हीटर लागतोच. उन्हाळ्याची गंमत उलटी आहे. बांगाईच्या मूळ जागी पाणी 28 ते 31 अंश असतं, त्यामुळे एप्रिल-मेची उष्णता हा मासा बऱ्यापैकी सोसतो; पण सोबत प्रवाळ असेल तर ते सोसत नाही, तेव्हा पंखा किंवा पाणी थंड करणारा चिलर हवा. खरी भीती वीज जाण्याची. उकाड्यात पंप बंद पडला की पाण्यातला प्राणवायू भराभर उतरतो. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच.

जोडीला किमान शंभर-सव्वाशे लिटरचा टँक. सहा-आठ मासे छोट्या टँकमध्ये एकत्र ठेवू नका. लहानपणी गुण्यागोविंदाने राहतात, मोठे झाले की एक जोडी जमते आणि ती बाकीच्यांना मारून टाकते. वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी चिकटून एखादा मासा उभा दिसला की त्याला त्याच दिवशी वेगळं काढा.

अर्चिन ठेवलाच पाहिजे का?

मोठ्या माशांना नसला तरी चालतो. डायडेमाला खायला भरपूर शेवाळ लागतं आणि त्याच्या काट्यांना मोकळी जागा लागते, दोन फुटी टँकमध्ये त्याचे हाल होतात. पिल्लांच्या टाकीत मी काळ्या केबल टायचा झुपका करून ठेवते, टोकं वर. पिल्लं दहा मिनिटांत त्यात शिरतात. प्लास्टिक की काटे, याने त्यांना फरक पडत नाही.

घरी पिल्लं वाढवता येतील?

येतील. आमच्या घरी आत्तापर्यंत बरीच झाली. समुद्री माशांत नवख्या माणसाला जमेल अशी ही मोजक्या जातींपैकी एक, कारण पिल्लू बाहेर येतं तेव्हाच नुकत्याच अंड्यातून फुटलेल्या आर्टेमियावर, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवांवर, ताव मारतं.

पहिल्या एक-दोन वेळा नर अंडी गिळून टाकतो. धीर धरा, शिकतो तो. अंडी तोंडात असताना त्याला जाळीने पकडू नका आणि टँकमध्ये हात घालणं कमी करा. दोन विणींमध्ये त्याला नीट खाऊ घाला. लागोपाठ उपास घडले तर नर खंगतो. गरज पडली तर मादीला काही आठवडे वेगळं ठेवा. तारीख लिहून ठेवली तर विसाव्या दिवसानंतर नराला वेगळ्या टाकीत हलवता येतं, नाहीतर मोठ्या टँकमध्ये पिल्लं बाहेर आली की बाकीचे मासे ती खातात.

एक गोष्ट मला उशिरा कळली. नुसत्या आर्टेमियावर वाढवलेली पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर दिवा अचानक लावला किंवा दार आपटलं तरी वळवळून मरायची. आर्टेमियात त्यांना लागणारी काही स्निग्धाम्लं नसतात, आणि त्यांच्या कमतरतेने असं होतं. तेव्हापासून आर्टेमिया देण्याआधी काही तास पोषक मिश्रणात ठेवते आणि जमेल तितक्या लवकर बारीक केलेले मायसिस (कोळंबीसारखेच, पण जरा मोठे जीव) सुरू करते. आता असं मरण जवळजवळ दिसत नाही.

लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि प्रवाळ कुठून आणू?

भारताच्या समुद्रातून काढलेलं आणू नका. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. घोडामासाही तसाच. कुणी 'रामेश्वरमचा माल' म्हणून दाखवला तर तिथून निघा. सिरॅमिकचे किंवा साधे कोरडे दगड घ्या, जिवाणू बसायला दोन-तीन महिने द्या. बांगाईला त्यात काही कमी वाटत नाही.

पिल्लं मोठी झाल्यावर बाबांना ओळखतात का? आणि त्यांना घर आठवतं का?

हा प्रश्न आमच्या सोसायटीतल्या तिसरीतल्या ईशानचा. त्याला दिलेलं उत्तरच इथे लिहिते.

बाबांना ओळखत नाहीत, ईशान. तोंडातून बाहेर पडल्यावर बाबाही त्यांना ओळखत नाही. भूक लागली असेल तर खाऊनही टाकतो, म्हणून पिल्लं एवढ्या घाईने काट्यांत पळतात. पण घर मात्र आठवतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी बांगाईंना त्यांच्या गटापासून उचलून लांब सोडलं, तर ते पोहत आपल्याच गटाकडे परत आले. आणि गटातले सगळे एकमेकांचे भाऊबहीण असतील असं वाटलं होतं, तर तसं निघालं नाही. एकत्र राहणारे शेजारी होते ते, तुमच्या बी विंगसारखे.

आपल्या टँकमध्येही तू पाहिलं आहेस. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मी मोठा अर्चिन उजवीकडून डावीकडे ठेवला होता. नर दोन दिवस उजवीकडच्या रिकाम्या कोपऱ्यातच उभा होता. तिसऱ्या दिवशी मी अर्चिन उचलून परत जागेवर ठेवला.